खरखर, मंगळाचे कालवे आणि एक स्लायडर

मंडळी, 'नॉईज'ला मराठीत काय म्हणायचं यावर या आठवड्यात मी बराच वेळ घालवला. गोंगाट म्हटलं की मंडई आठवते, कोलाहल म्हटलं की एकदम पौराणिक नाटक. शेवटी आमच्या आजोबांच्या रेडिओवर स्टेशन लावताना जी यायची ती 'खरखर' पक्की केली. या लेखापुरती तरी.

विषय आहे आकाशाच्या फोटोंमधली खरखर. गेल्या हिवाळ्यापासून हे नवीन वेड लागलंय. कॅमेरा आहे, ट्रॅकर आहे (पृथ्वी फिरते त्याच्या उलट दिशेने कॅमेरा हळूहळू फिरवणारी मोटर), आणि अमावास्येच्या आसपासचा शनिवार आला की वांगणीच्या पुढे ओळखीच्यांच्या शेतावर जातो. फोटो काढणं हा त्यातला सोपा भाग. खरं काम रविवारी दुपारी जेवणं आटोपून संगणकासमोर बसलं की सुरू होतं. शिकण्यासाठी व्हिडिओंना तोटा नाही, आणि ते सगळे एका वळणावर येऊन तेच सांगतात: आता नॉईज रिडक्शनचा स्लायडर उजवीकडे ओढा. किती? तर चांगलं दिसेपर्यंत.

आमच्या धंद्यात कुणी रिक्वायरमेंटमध्ये 'चांगलं दिसेपर्यंत' असं लिहिलं तर त्याला मीटिंगमधून बाहेर काढतील. मला हवं होतं ते एवढंच: हा स्लायडर ओढल्यावर फोटोतून जे जातं ते नक्की खरखरच असते का? आणि जे उरतं ते आकाशात असतं का? याचं उत्तर मॅन्युअलमध्ये मिळेना, म्हणून मी इतिहासात शिरलो. तिथे हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना निघाला.

आधी खरखर येते कुठून ते बघू. पावसाच्या सुरुवातीला गच्चीवर सारख्या मापाच्या शंभर वाट्या मांडून ठेवा. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, तरी मिनिटभराने थेंब मोजले तर कुठे ९, कुठे १३, कुठे ८. पाऊस लबाडी करत नाहीये, थेंब सुटे पडतात म्हणून असं होतं. प्रकाशाचंही तसंच. तो कणाकणांनी येतो, आणि कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल ही एक वाटी. सरासरी १०० कण पडणार असतील तर प्रत्यक्ष मोजणीत साधारण १० इकडेतिकडे होणारच, म्हणजे १० टक्के. सरासरी १०,००० असतील तर १०० इकडेतिकडे, म्हणजे फक्त १ टक्का. जर्मनीत वॉल्टर शॉट्कीने १९१८ साली व्हॅक्यूम ट्यूबमधल्या विजेच्या प्रवाहाबद्दल हेच मांडलं. इलेक्ट्रॉन छर्‍यांसारखे सुटे सुटे येऊन पडतात, म्हणून त्या खरखरीला 'शॉट नॉईज' म्हणतात. बंदुकीचे छर्रे ते शॉट.

यातली गोम अशी की ही खरखर कॅमेऱ्याचा दोष नाही. कितीही महाग कॅमेरा घ्या, ती प्रकाशाबरोबरच येते. ती कमी करायचा प्रामाणिक मार्ग एकच, जास्त कण गोळा करा. आणि त्यातही वर्गमूळ आडवं येतं. खरखर निम्मी करायची तर चौपट वेळ, एक दशांश करायची तर शंभरपट. एका रात्रीत ज्याचं भागत नाही त्याला हे गणित फार लवकर कळतं.

आता जरा मागे जाऊ. ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर नावाच्या डॉक्टरने मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. एक्स्पोजर ५१ मिनिटांचं. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमनने त्याच तेजोमेघाचा इतका चांगला फोटो काढला की त्यात डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. हे नीट लक्षात घ्या. तोवर फोटो म्हणजे डोळ्याला दिसतं त्याची नक्कल होती. आता काचेची प्लेट सांगत होती की इथे तारा आहे, आणि दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस म्हणत होता, मला तर काही दिसत नाही. विश्वास कुणावर ठेवायचा?

कारण प्लेटही काही साधीसुधी साक्षीदार नव्हती. तिच्यावर चांदीच्या क्षाराचे दाणे, धुळीचे कण, लेपातले डाग. यातला एखादा काळा ठिपका अगदी ताऱ्यासारखा दिसायचा. १८८७ साली पॅरिसला खगोलशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली आणि सगळ्या आकाशाचा फोटो-नकाशा करायचा बेत ठरला. नाव 'कार्त द्यु सिएल'. जगभरच्या वेधशाळांनी आकाश पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतलं (त्यातल्या ताऱ्यांच्या यादीच्या कामात पुढे हैदराबादची निजामिया वेधशाळाही आली). हा प्रकल्प इतका लांबला की नकाशा पुरा झालाच नाही. पण त्यांनी या ठिपक्यांवर काढलेला तोडगा मला बेहद्द आवडला. नकाशाच्या एकाच प्लेटवर तीन एक्स्पोजर घ्यायची, आणि दर वेळी दुर्बीण किंचित सरकवायची. मग प्रत्येक ताऱ्याचे तीन ठिपके उमटतात, छोटासा त्रिकोण. जो ठिपका एकटा आहे तो तारा नव्हे, डाग. झालं काम!

ना गणित, ना रसायन. आकाशाला तोच प्रश्न तीनदा विचारायचा, दर वेळी जरा बाजूला सरकून. आकाशात असलेली गोष्ट तिन्ही वेळा तेच उत्तर देईल. प्लेटवरचा डाग नाही देणार.

याच काळात दुसरीकडे अगदी उलटा प्रकार चालू होता, तो मंगळावर. १८७७ मध्ये इटलीच्या स्किआपारेल्लीला मंगळावर रेषा दिसल्या. तो त्यांना 'कानाली' म्हणाला, म्हणजे नैसर्गिक खाचा किंवा प्रवाह असंही म्हणता येईल, पण इंग्रजीत त्याचे 'कालवे' झाले. कालवे म्हटले की ते खणणारे आले. अमेरिकेतल्या पर्सिव्हल लॉवेल या श्रीमंत गृहस्थाने १८९४ मध्ये ॲरिझोनात स्वतःची वेधशाळा उभारली आणि शेकडो कालव्यांचे नकाशे काढले. एकदम सरळ, रेखीव, जणू पाटबंधारे खात्याने आखून दिलेले.

लॉवेलला खोटारडा म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण तो खोटारडा नव्हता. त्याला खरोखर रेषा दिसत होत्या. दुर्बिणीतला मंगळ म्हणजे हवेत थरथरणारी छोटीशी चकती. क्षणभर स्थिर होते, पुन्हा वितळते. त्या क्षणात दिसलेल्या अर्धवट ठिपक्यांचं मेंदू काय करतो? जोडतो. आणि 'मला अर्धवट दिसलं' असं सांगत बसत नाही, सरळ पूर्ण चित्र हातात देतो.

हे प्रयोगाने दाखवलं ग्रीनिचच्या वॉल्टर माँडरने, १९०३ साली. ग्रीनिचच्याच एका शाळेच्या हेडमास्तरांना हाताशी धरून त्याने मुलांसमोर मंगळासारखी चित्रं टांगली. ठिपके, अस्पष्ट डाग, पुसट छटा, पण सलग कालवे नाहीत. मुलांना सांगितलं, दिसतं तसं काढा. अगदी जवळ बसलेल्यांनी ठिपके काढले. अगदी मागच्यांना तपशील दिसलेच नाहीत. आणि मधल्या बाकांवरच्या मुलांनी? कालवे काढले. मंगळाबद्दल ज्यांनी काही ठरवून ठेवलं नव्हतं अशा शाळकरी पोरांनी, समोर नसलेल्या सरळ रेषा.

मला हा विज्ञानाच्या इतिहासातला सर्वात स्वस्त आणि सर्वात भेदक प्रयोगांपैकी एक वाटतो. खोटी रेषा पूर्ण अंधारात जन्मत नाही. जिथे माहिती थोडी आहे पण पुरेशी नाही, त्या मधल्या बाकावर ती जन्मते.

लॉवेलने काही हे ऐकलं नाही. १९०५ मध्ये त्याच्या वेधशाळेत कार्ल लॅम्पलंडने मंगळाचे फोटो काढले. लॉवेल म्हणाला, बघा, आता तर फोटोतही कालवे आले! पण फोटोतला मंगळ करंगळीच्या नखाहूनही लहान, आणि प्लेटचे दाणे त्या तपशिलाइतकेच मोठे. ज्यांना कालवे मान्य होते त्यांना त्यात दिसले, बाकीच्यांना नाही. १९०९ मध्ये अँतोनियादीने पॅरिसजवळच्या म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला. हवा अगदी शांत होती. त्या रेषांच्या जागी त्याला वेडेवाकडे असंख्य बारीक तपशील दिसले. म्हणजे तो पुढच्या बाकावर जाऊन बसला, एवढंच. शेवटचा खिळा १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर ४ ने ठोकला. त्याने जवळून पाठवलेल्या फोटोंत खड्डे होते, कालवे नव्हते.

यानंतरचा भाग भरभर सांगतो, कारण तो सगळ्यांना थोडाफार माहीत असतो. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये बॉयल आणि स्मिथ यांनी सीसीडी शोधली (२००९ चं अर्धं नोबेल त्यांना मिळालं), १९७६ मध्ये ॲरिझोनातल्या ६१ इंची दुर्बिणीवर ती लावून युरेनसची प्रतिमा घेतली गेली, आणि बघता बघता काचेच्या प्लेटा कपाटात गेल्या. सीसीडीने दाणे घालवले आणि स्वतःची खरखर आणली. काही पिक्सेल कायमचे चढेल, काही मंद. अंधारातही उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात, आणि तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढलं की ते दुप्पट होतात. आमच्याकडच्या रात्रींचं तापमान बघता याचा काय अर्थ होतो हे वेगळं सांगायला नको. म्हणून लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे 'डार्क' फोटो काढायचे आणि ते वजा करायचे. यात नेहमी सारखाच येणारा भाग जातो. आज एक आणि उद्या एक येणारा भाग जात नाही, त्याला पुन्हा सरासरीच हवी.

आता १९९५. हबल दुर्बिणीच्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांच्या हातात काही निरीक्षणवेळ स्वतःच्या मर्जीने वापरायला होती. त्यांनी ती सप्तर्षीतल्या एका रिकाम्या तुकड्यावर खर्च करायची ठरवली. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम बारावा भाग, आणि त्यात बघण्यासारखं काही नाही म्हणूनच निवडलेला. त्यातून फारसं काही निघणार नाही असं वाटणारे जाणकार होते. आणि हबल तेव्हा नुकतंच आरशाच्या बदनामीतून बाहेर आलेलं. फसलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना ज्याने क्लायंटसमोर दुसऱ्यांदा डेमो दिलाय त्याला येईल.

१८ ते २८ डिसेंबर, दहा दिवस, ३४२ एक्स्पोजर. एकेक एक्स्पोजर बघाल तर निराशाच. खरखर, त्यावर अवकाशातल्या भरधाव कणांनी मारलेले पांढरे ओरखडे. पण ३४२ वेळा तोच प्रश्न विचारला होता, आणि मधून मधून दुर्बीण किंचित सरकवून. ओरखडा दुसऱ्या एक्स्पोजरमध्ये त्या जागी नसतो, तो काढून टाका. बिघडलेला पिक्सेल जागचा हलत नाही आणि आकाश हललेलं असतं, तोही पकडला जातो. पॅरिसचा तो त्रिकोणच की हो! सरकलेल्या प्रतिमा बारीक जाळीवर एकत्र मांडायची रीत अँड्र्यू फ्रुक्टर आणि रिचर्ड हुक यांनी यासाठी तयार केली. तिचं नाव ड्रिझल, म्हणजे रिमझिम. पावसाची उपमा त्यांनाही सुचली होती तर. त्या 'रिकाम्या' तुकड्यात सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या.

आज माझ्या लॅपटॉपवरच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'ड्रिझल' म्हणून एक चौकोन आहे, टिक केला की चालू. हे सॉफ्टवेअर म्हणजे सिरिल. ख्रिस्तियान ब्यूइल या फ्रेंच हौशी खगोलवाल्याचं आयरिस नावाचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर होतं. ते नाव उलटं केलं आणि शेवटी लिनक्सचा ल जोडला, की झालं सिरिल. (आमच्या जमातीचे विनोद जगभर सारखेच.) ग्रहांचे फोटो काढणाऱ्यांसाठी नेदरलँड्सच्या कोर बेरेव्हुट्सने २००२ मध्ये रजिस्टॅक्स काढलं आणि फुकट वाटलं. साध्या वेबकॅमने शेकडो फ्रेम्स घ्या, त्यातल्या बऱ्या निवडा, एकावर एक रचा. लॉवेल ज्या शांत क्षणाची डोळा लावून वाट बघायचा तो क्षण आता संगणक निवडू लागला. चळत रचून झाली की वेव्हलेटचे स्लायडर. प्रतिमेचे बारीक, मध्यम, मोठे असे थर वेगळे करायचे आणि बारीक थरात जास्त खरखर असते म्हणून तिथे जास्त दाबायचं. इथपर्यंत यंत्र फक्त दाबतं किंवा उचलतं.

त्यानंतर न्यूरल नेटवर्क आलं, आणि माझ्या मूळ प्रश्नाला धार आली. नेटवर्कला खरखरीत आणि स्वच्छ प्रतिमांच्या जोड्या दाखवून शिकवतात. तुमचा फोटो दिला की ते विचारतं, अशा खरखरीखाली सहसा काय असतं? आणि ते काढून देतं. बहुतेक वेळा उत्तर इतकं बरोबर असतं की थक्क व्हायला होतं. मी स्वतः ग्राएक्सपर्ट वापरतो आणि ते सोडायचा विचार नाही. पण ते 'सहसा' बघा. जिथे माहिती भरपूर आहे तिथे नेटवर्कची गरज नाही. जिथे काहीच नाही तिथे ते सपाट करून सोडतं. आणि मधल्या बाकावर? तिथे ते सुबक धागे काढतं. माँडरच्या पोरांसारखं, अगदी मनापासून.

उलट बाजूही आहे. जे 'सहसा' नसतं ते पुसलं जाण्याची. देवयानी दीर्घिकेइतके फोटो दुसऱ्या कुठल्याच दीर्घिकेचे निघाले नसतील. तरी २०२२ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झाव्हिए स्ट्रॉटनर आणि यान सँती या तीन हौशी मंडळींना तिच्या शेजारी निळसर प्रकाशाची प्रचंड कमान सापडली, लांबी सुमारे दीड अंश, म्हणजे तीन पौर्णिमेचे चंद्र ओळीने. दुर्बीण १०६ मिलिमीटरची, माझ्या पोळीच्या डब्याहून अरुंद. फरक एवढाच की त्यांनी ऑक्सिजनच्या प्रकाशाचा फिल्टर लावून रात्रीमागून रात्री एक्स्पोजर घेतली. सगळं मिळून शंभर तासांच्या वर.

आता विचार करा, आपल्या स्क्रीनवर असा पुसट पट्टा आला तर आपण काय करू? पार्श्वभूमी सपाट करणारं बटण आहेच. शहराचा उजेड, लेन्समधलं प्रतिबिंब, काहीतरी असेल. या लोकांनी तो पुसला नाही, आणि लगेच खराही मानला नाही. दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या दुर्बिणी आणि दुसऱ्या कॅमेऱ्यांनी तीच जागा बघायला लावली. तिथेही कमान आली. मग जानेवारी २०२३ मध्ये व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांबरोबर शोध जाहीर झाला. ती कमान देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेत मध्ये कुठेतरी, यावर नंतर चर्चा झडली, पण ती आहे यावर नाही.

तर या सगळ्या वाचनातून माझ्या रविवारच्या कामात एक पायरी वाढली. मृगाच्या तेजोमेघाच्या माझ्याकडे ३० सेकंदांच्या १२० फ्रेम्स आहेत. मी त्यांच्या दोन चळती करतो, विषम क्रमांकाच्या ६० एकीत, सम क्रमांकाच्या ६० दुसरीत. दोन्हींवर एकसारखी प्रक्रिया, तोच स्लायडर, तेवढाच. मग दोन्ही चित्रं आलटून पालटून बघायची. दोन्हींत आहे ते राहू दे, एकातच आहे त्याच्यावर संशय. युनिट टेस्टच म्हणा ना. या टेस्टला एक भोक आहे: सेन्सरची कायमची खोड दोन्ही चळतींत सारखीच येते, त्यामुळे ती सहज पास होते. त्यासाठी दर थोड्या फ्रेम्सनंतर ट्रॅकर किंचित सरकवतो. पॅरिसवाल्यांच्या कृपेने.

सध्याची स्थिती अशी. रनिंग मॅन तेजोमेघाच्या वरची तपकिरी धूळ दोन्ही चळतींत आहे, ती ठेवली. खालच्या डाव्या कोपऱ्यातला एक फार देखणा, पिळदार धागा फक्त विषम चळतीत आहे. आमच्या ग्रुपवर सगळ्यांना तोच सर्वात जास्त आवडला :) स्लायडर तूर्त ३० टक्क्यांवर आणून ठेवलाय, धागा झाकून टाकलाय, आणि डिसेंबरच्या अमावास्येला त्याच कोपऱ्याच्या आणखी २०० फ्रेम्स घ्यायचा बेत आहे. कुणी येणार असेल तर बदलापूरहून गाडीत एक जागा आहे. स्वेटर आणा, शेतावर पहाटे चांगलंच गारठतं.